सबबींची वही

बाईंची मुलगी दारातूनच म्हणाली, "हिला काहीतरी व्यायाम सुरू करून द्या." बाई खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "करते की रोज. हिचं एका कानाने ऐकते, दुसऱ्याने सोडते. मानेला किती हालचाल होते त्यात!" मी हसले, मुलगी हसली, आणि पुढचा पाऊण तास आम्ही तिघी हसतच होतो. त्या भरात माझ्या तपासणीच्या फॉर्मवरचा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. त्याची किंमत पुढे आम्ही दोघींनी मोजली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ज्येष्ठांचा व्यायाम हे माझं रोजचं काम. बाईंच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. 'बाई' एवढंच ठेवलं, कारण आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

आल्या तेव्हाची स्थिती

वय ६८. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं रोज सकाळी तासभर चालायच्या. मग पतीचं आजारपण आलं, तीन वर्षं चाललं, आणि चालणं बंद झालं. पती जाऊन दोन वर्षं झाली तरी ते पुन्हा सुरू झालं नव्हतं. दोन्ही गुडघ्यांत झीज, उजव्यात जास्त. रक्तदाब गोळीने आटोक्यात. छातीत दुखणं, चक्कर यातलं काही नाही. व्यायामाला हरकत नसल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं.

याआधी दोनदा प्रयत्न झाले होते. पहिल्या वेळी कुणीतरी व्यायामांच्या चित्रांचा कागद दिला, तो फ्रिजवर चिकटवला गेला. "रोज बघते त्याच्याकडे. डोळ्यांचा व्यायाम होतो." दुसऱ्या वेळी मुलीने मनगटावर बांधायचं पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. बाईंनी ते खुर्चीत बसून हात हलवून फसवायला शिकून घेतलं.

मी दोन मोजमापं घेतली. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं? बाईंचा आकडा ७. पासष्ट ते एकोणसत्तर वयाच्या स्त्रियांत ११ पेक्षा कमी आला तर तो सरासरीच्या खाली धरतात. दुसरं, खुर्चीतून उठायचं, ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. त्याला १४ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त लागले की पडण्याचा धोका मनात धरून पुढचं ठरवावं लागतं. बाईंनी दोन्ही आकडे शांतपणे ऐकले. "नापास," त्या म्हणाल्या. "ग्रेस मार्क देता का?"

गेल्या दोन आठवड्यांत मन उदास होतं का, आवडीच्या गोष्टींतली गोडी गेली आहे का, हे दोन प्रश्न मी मुद्दाम विचारले. सतत विनोद करणाऱ्या माणसाला हे विचारायचं आपण हमखास विसरतो. नैराश्याची लक्षणं नव्हती. एकटेपणा होता. "संध्याकाळी घर फार मोठं होतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि या वाक्याला विनोदाचं शेपूट जोडलं नाही.

विनोद कुठल्या जातीचा

माणूस विनोदी असला की त्याच्याकडून व्यायाम करून घेणं सोपं जाईल असं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. हजरजबाबी माणसाकडे प्रत्येक सूचनेला उत्तर तयार असतं, ऐकणारा हसतो, आणि सूचना तिथेच मरते.

रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या: चारचौघांना जोडणारा, अडचणीत स्वतःला सावरून धरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. बाईंचा विनोद वरवर पाहता पहिल्या तऱ्हेचा होता. व्यायामाचा विषय निघाला की तो चौथ्या तऱ्हेत घसरायचा. "भाड्याच्या घराला या वयात कोण रंग काढतं?" हे वाक्य मी पहिल्या दोन भेटींत तीनदा ऐकलं. हसू आणणारं वाक्य आहे, पण ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं की माणसाला पटतंही.

वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी आकडा पुढे केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या लोकांकडून आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनांचा व्यायाम करून घेतला होता. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

"म्हणजे पावणेतीनपट," बाई लगेच म्हणाल्या. "किती जण होते?"

"दहा. शेवटपर्यंत नऊ टिकले."

"नऊ जणांची सरासरी! वर्गात एक पोरगं हुशार निघालं की सरासरी फसते, माहीत आहे ना?"

बरोबर होतं. तरी शहाण्णव वर्षांच्या माणसाला भाड्याचं घर रंगवायला दिलं होतं, हे त्यांच्या डोक्यात राहिलं असावं. पुढच्या भेटीत ते वाक्य आलं नाही.

वही

दोनशे पानी वही बाईंनी स्वतःच आणली. नियम मी केले, त्यातले दोन त्यांनी दुरुस्त केले. व्यायाम केला नाही तर त्या दिवशीची सबब वहीत लिहायची. एकदा वापरलेली सबब पुन्हा चालणार नाही. सबबीला मी दहापैकी गुण देणार. पाचच्या खाली गुण मिळाले तर ती बाद, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम. नवी सबब सुचलीच नाही तर खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं.

"म्हणजे उठाबशा," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर मुलांना घालायला लावल्या, आता फेड."

पहिल्या दहा दिवसांतल्या काही नोंदी:

'डावा गुडघा तयार होता. उजव्याने सही दिली नाही.' सात गुण.

'कालचा व्यायाम आठवूनच दमायला झालं. काल केला नव्हता.' साडेआठ.

'पाऊस येईल असं वाटलं. घरात.' सहा.

'खुर्ची इतकी शांत बसली होती, तिला कशाला उठवा.' नऊ. बाईंनी अर्धा गुण वाढवून मागितला, मी दिला नाही, आणि त्यावर दहा मिनिटं वाद झाला. वाद घालताना त्या उभ्या होत्या, हे मी मनात टिपून घेतलं.

अकराव्या दिवशी नुसती रेघ होती आणि खाली: 'सुचलं नाही. पाच.' बाराव्या दिवशी पुन्हा सबब होती, पण तिच्या शेवटी कंसात लिहिलेलं, 'तरीही पाच केल्या, कारण सबब टुकार आहे हे मलाच कळत होतं.'

मला हवं होतं ते इथे झालं. वहीचा हेतू बाईंना हसवणं हा नव्हता. विनोद त्यांच्याकडे भरपूर होता, मी कशाला पुरवू? हेतू हा होता की टाळण्यालाही कष्ट पडावेत. व्यायाम न करण्याची सवय बिनश्रमाची असते, म्हणूनच ती टिकते. रोज नवी, चांगली, गुण मिळवणारी सबब लिहायला अर्धा तास जातो. पाच वेळा खुर्चीतून उठायला अर्धा मिनिट. गणिताच्या शिक्षिकेला हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

दुसरं असं की पाच म्हणजे इतकं थोडं होतं की न जमण्याचा प्रश्नच नव्हता. अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये 'मला हे जमेल' या विश्वासाची मुळं चार सांगितली. त्यांत सगळ्यांत बळकट मूळ म्हणजे प्रत्यक्ष जमून गेल्याचा अनुभव. समजावणं, धीर देणं त्याच्या मागून येतं. मी बाईंना एकदाही 'तुम्हाला जमेल हो' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्याचाही विनोद झाला असता.

तिसऱ्या आठवड्याअखेर पाचाच्या आठ झाल्या, ओट्याला धरून टाचा उचलणं सुरू झालं, आणि घरातल्या घरात दहा मिनिटं चालणं. बाहेर मात्र नाही. बाहेर न जाण्याच्या सबबी वहीतल्या सबबींपेक्षा वेगळ्या होत्या, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. त्या विनोदी नव्हत्या. 'आज नको.' 'बघू.'

चौथा आठवडा

माझ्याकडे आठवड्यातून दोनदा सातआठ ज्येष्ठांचा गट जमतो. तिथे बळाच्या आणि तोलाच्या व्यायामांच्या मधेमधे हसण्याचे छोटे तुकडे असतात. ही कल्पना माझी नाही. जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असाच मिश्र कार्यक्रम २७ वृद्धांवर सहा आठवडे करून पाहिला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केला: दोनचार व्यायाम झाले की अर्धा ते एक मिनिट ठरवून हसायचं. दमसास सुधारला, मन सुधारलं, आणि व्यायाम आपल्याला जमतो हा विश्वास वाढला. ठरवून हसण्यामागेही एक किस्सा आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला, तेव्हा सुरुवातीला लोक एकमेकांना विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते कुणाला तरी लागणारे. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं.

बाईंना बिनविनोदाचं हसणं पटणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी गटात त्यांची ओळख करून दिली ती अशी: "या आपल्या नव्या विद्यार्थिनी. घड्याळाला फसवतात, मला फसवू शकत नाहीत." सगळे हसले. बाईही हसल्या. दहा मिनिटांनी हसण्याचा तुकडा सुरू झाला, तेव्हा त्या भिंतीजवळ गेल्या, पाय जुळवून उभ्या राहिल्या, पिशवी उचलली आणि निघून गेल्या.

आठ दिवस फोन नाही, वही नाही. मी त्या ओळखीच्या वाक्यावर स्वतःला बोल लावत राहिले. चारचौघांत नव्या माणसावर केलेला विनोद टोचणाऱ्या तऱ्हेचाच असतो, करणाऱ्याला तो कितीही लाडाचा वाटो. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि माफी मागितली.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्याचं काय एवढं? मी वर्गात याहून वाईट बोलले आहे." मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, "अगं, नळ गळतो माझा. जोरात हसले की गळतो. शिंकले की गळतो. भरभर चालले की गळतो."

पतीच्या आजारपणात त्यांना उचलून बसवताना हे सुरू झालं होतं. चालणं बंद होण्याचं एक कारण वेळ नसणं होतं; पुन्हा सुरू न होण्याचं कारण हे होतं. मुलीला माहीत नव्हतं, डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. आणि माझ्या फॉर्मवर पहिल्या पानाच्या तळाला छापलेला प्रश्न होता: 'खोकताना, हसताना, शिंकताना लघवीवरचा ताबा सुटतो का?' त्यासमोरची चौकट कोरी होती. ज्या बाईला हसण्याची भीती वाटत होती, तिला मी हसण्याच्या वर्गात नेऊन बसवलं होतं.

बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांत हा त्रास सर्रास आढळतो आणि तितकाच लपवला जातो. विनोद करून लपवणं सर्वांत सोपं, कारण हसणाऱ्याला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

नळाचं काम

आधी डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करून घेतली, संसर्ग नव्हता. मग ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम. लघवी आणि गॅस दोन्ही रोखून धरताना जे स्नायू आत आणि वर खेचले जातात तेच आवळायचे. पोट, मांड्या, श्वास मोकळा ठेवायचा. एका वेळी निदान आठदा, दिवसातून तीनदा, आणि तीन महिने तरी नेमाने. शिवाय एक युक्ती: खोकला, शिंक किंवा हसू येणार असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी आवळून धरायचं.

"म्हणजे दुसऱ्याचा विनोद कुठे संपणार ते आधी ओळखायचं," बाई म्हणाल्या. "सोपं आहे. बहुतेकांचे विनोद मला आधीच ओळखू येतात."

ही युक्ती त्यांनी इतकी मनावर घेतली की गटात परतल्यावर कुणी किस्सा सांगायला लागलं की त्यांचा चेहरा गंभीर व्हायचा. सांगणाऱ्याला वाटायचं आपला किस्सा पडला. मला कारण माहीत होतं.

याच सुमारास मी एक नियम कडक केला. एका पायावर उभं असताना, पायरी चढताना, वजन हातात असताना कुणी कुणाला हसवायचं नाही. आपण 'हसून हसून हातपाय गळाले' म्हणतो ते खरंच घडतं. मनापासून हसताना पायाच्या स्नायूंची एक प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, हे मोजून दाखवणारं टिपण १९९९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलं होतं. तोल कच्चा असलेल्या माणसाला नेमक्या त्या क्षणी हसवणं म्हणजे आपणच धक्का देण्यासारखं. विनोद दोन व्यायामांच्या मधल्या विश्रांतीत, तेही बसून.

हसणं हाच व्यायाम, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. २००७ मधल्या एका मोजणीत दिवसाला १० ते १५ मिनिटं खरं हसण्याने जळणारी ऊर्जा १० ते ४० कॅलरी निघाली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे हसून बारीक व्हायचं तर नोकरी सोडून हसावं लागेल."

सातव्या आठवड्यात त्या बाहेर पडल्या. वहीतली नोंद: 'दोन चौक. कोरडी परत.' मी त्याला गुण दिले नाहीत, नुसती तारीख अधोरेखित केली.

चालण्याचा वेग ठरवायला नेहमीची खूण आहे, बोलता यावं पण गाता येऊ नये. बाईंना गाता येतच नाही, त्यामुळे ती कुचकामी ठरली. त्यांनी आपली काढली: किस्सा सांगता आला पाहिजे, पण शेवटच्या वाक्याआधी श्वास घ्यायला थांबावं लागलं पाहिजे. मी ती आता इतरांनाही सांगते.

चौदा आठवड्यांनी

खुर्चीतून उठणं ३० सेकंदांत ७ वरून १२. तीन मीटरची फेरी १४ वरून साडेदहा सेकंदांवर. लघवी सुटणं पुष्कळ कमी झालं, थांबलं नाही. जोराची शिंक अजून हातातली नाही. उजवा गुडघा जिना उतरताना पूर्वीइतकाच दुखतो. मधे सर्दीने एक आठवडा गेला आणि पतीच्या स्मृतिदिनाच्या आसपास चार दिवस वहीत काहीच नव्हतं. त्या कोऱ्या पानांबद्दल मी विचारलं नाही, बाईही बोलल्या नाहीत.

चालणं आठवड्यातून पाच दिवस, २५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, दोन दिवस बळाचा आणि तीन दिवस तोलाचा. बाईंनी भागाकार केला. "एकशेपंचवीस भागिले दीडशे. ८३ टक्के. विशेष प्रावीण्य."

यात विनोदाचा वाटा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. कुणीतरी रोज विचारणारं मिळालं, गट मिळाला, आणि मुख्य म्हणजे गळणारा नळ सापडला. वहीशिवाय हे झालं असतं का? कदाचित झालं असतं. वहीशिवाय बाई पाचव्या आठवड्यापर्यंत टिकल्या असत्या असं मात्र वाटत नाही. आणि ही वही मी सगळ्यांना देत नाही. ज्याला लिहायचा कंटाळा, त्याला ती शिक्षा होते. ज्याचं दुःख ताजं आहे, त्याला गुण देणारा माणूस नको असतो.

शेवटच्या भेटीला बाईंनी माझा पहिल्या दिवसाचा फॉर्म बघायला मागितला. तो त्यांचाच कागद, मी दिला. त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं, तळाच्या कोऱ्या चौकटीभोवती गोल केला आणि बाजूला बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: 'एक प्रश्न सोडला आहे. बाकी अक्षर चांगलं. ६/१०.'

मी अर्धा गुण वाढवून मागितला. मिळाला नाही.